चंद्रनाथाचा पर्वत पायी चढताना

मडगावहून केप्याला जाणारी बस पारोड्याजवळ आली की शेतांच्या आणि माडांच्या मागून एक डोंगर एकाएकी समोर उभा राहतो. नकाशात त्याचे नाव चंद्रनाथ असे असले तरी पंचक्रोशीत त्याला नुसते ‘पर्वत’ म्हणतात आणि तेवढ्याने भागते. समुद्रसपाटीपासून सुमारे ३५० मीटर उंची, माथ्यावर चंद्रेश्वर आणि भूतनाथ यांची देवळे, आणि देवळाच्या पायऱ्यांच्या जवळपर्यंत नेणारा गाडीचा रस्ता एवढी त्याची ओळख बहुतेकांना असते. यातल्या तिसऱ्या गोष्टीने पायी चढणाऱ्याची पंचाईत होते. ‘गाडी जाते ना वर, मग चालत कशाला?’ असे विचारणारे भेटतातच. पण गाडी जाते म्हणजे चालणे सोपेच असणार असे आपल्यालाही वाटू लागते, आणि खरा घोटाळा तिथे होतो.

मलाही तसेच वाटले होते. एप्रिल महिना, सकाळचे साडेदहा, हातात पाण्याची एकच लहान बाटली आणि पायात तळ झिजलेले कॅनव्हासचे बूट, अशा थाटात मी पहिल्यांदा निघालो. निम्म्या वाटेवर पाणी संपले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि एका काजूच्या झाडाखाली मी बसकण मारली. बोंडे गोळा करणाऱ्या एका म्हातारीने आपल्याजवळचे पाणी दिले आणि ‘ह्या वेळार कोण चडटा रे पर्वतार?’ असे विचारले. त्या दिवशी मी माथा न पाहताच खाली उतरलो. पुढे अनेकदा चढलो, तेव्हा कळले की हा डोंगर उंचीचा नाहीच. तो वेळेचा आणि दगडाचा आहे. चढणाऱ्याने या दोन गोष्टींचा हिशेब नीट केला तर घरातील साठीच्या माणसालाही सोबत नेता येते, आणि केला नाही तर विशीतल्या तरुणालाही तो बसवतो.

उंचीचा खरा हिशेब

सह्याद्रीतील किल्ले हिंडलेल्या माणसाला ३५० मीटर हा आकडा किरकोळ वाटणे साहजिक आहे. परंतु देशावरील डोंगरांची उंची सांगताना तिच्यात पठाराची उंची धरलेली असते हे आपण विसरतो. पुणे शहरच समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर वसलेले आहे, त्यामुळे तिथल्या आसपासच्या गडांच्या उंचीतला मोठा वाटा आपण पायी चढतच नाही. पारोड्याची शेते मात्र खाडीच्या पातळीपासून फारशी वर नाहीत, त्यामुळे चंद्रनाथाची जवळजवळ सगळी उंची पायांनाच फेडावी लागते. शिवाय हवेचे तापमान दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर जो गारवा लाभतो तो इथे मिळणार नाही. पायथा आणि माथा यांत फार तर दोन अंशांचा फरक पडेल.

वेळेचा अंदाज बांधण्यासाठी विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा अजूनही वापरतात: दर पाच किलोमीटर चालीला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. त्या हिशेबाने ३३० मीटरच्या चढाला तेहतीस मिनिटे आणि दोन किलोमीटर चाल धरली तर तिची चोवीस मिनिटे, म्हणजे तासाभरात माथा यायला हवा. पण हा ठोकताळा थंड प्रदेशातला आहे. गोव्याच्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही, म्हणून तासाचे दीड तास धरावेत. मुले किंवा वयस्कर माणसे बरोबर असल्यास दोन तास धरले तरी चालतील. उतरताना वेळ निम्मा लागेल असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. तो जवळजवळ तेवढाच लागतो, आणि त्याची कारणे पुढे येतील.

केव्हा जावे

जून ते सप्टेंबर या काळात जुन्या पायवाटेने जाऊच नये. गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक याच चार महिन्यांत कोसळतो. डोंगरावरच्या कातळाला शेवाळ चढते, पायऱ्यांवरून पाणी वाहते, आणि जोराचा पाऊस झाला की पारोड्याचा रस्ताही नदीच्या पाण्याखाली जातो. ज्यांना पावसातला पर्वत पाहायचाच आहे त्यांनी गाडीच्या रस्त्याने चालत जावे. तोही अनुभव काही कमी प्रतीचा नाही.

ऑक्टोबरमध्ये डोंगर हिरवागार असतो आणि पावसाने धुतलेल्या हवेत लांबवरचे दिसते, पण परतीच्या पावसाचे ढग दुपारनंतर जमतात आणि विजा चमकतात. म्हणून त्या महिन्यात सकाळीच चढून बाराच्या आत खाली यावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ. मार्चपासून पानगळ होते, पायवाट कोरड्या पानांखाली झाकली जाते आणि वणव्याचा धोका वाढतो. मार्च २०२३ मध्ये गोव्याच्या डोंगरांत ठिकठिकाणी लागलेल्या आगी अनेकांना आठवत असतील. त्या दिवसांत काडी, बिडी, चूल यांपैकी काहीही रानात पेटवू नये. एप्रिल-मे मध्ये जायचेच असेल तर उजाडण्यापूर्वी पायथा सोडावा आणि साडेआठच्या आत माथा गाठावा.

महाशिवरात्रीला आणि श्रावणातल्या सोमवारी देवळात गर्दी असते. देवदर्शन हा हेतू असेल तर त्या दिवसांसारखे दिवस नाहीत. शांतपणे डोंगर पाहायचा असेल तर मधला कोणताही वार निवडावा.

पाणी, खाणे आणि पायांतले

थंडीच्या दिवसांत माणशी दीड लिटर आणि उन्हाळ्यात अडीच लिटर पाणी घ्यावे, आणि ते तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी दोन-चार घोट असे प्यावे. चढताना तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो, आणि त्याबरोबर मीठही जाते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण जलसंजीवनीसाठी ठरलेले आहे. तेच एका बाटलीत घालून न्यावे. चवीसाठी लिंबू पिळले तर हरकत नाही. कोकमाचे सरबत रुचकर लागते, परंतु बाजारी सिरपात साखर फार असते, म्हणून ते पातळ करूनच प्यावे. खाण्यासाठी केळी, चणे-गूळ, घरची पोळी-भाजी पुरे. तळलेले पदार्थ उतरल्यावरच्या चहासाठी राखून ठेवावेत. प्लास्टिकची पिशवी हातात लोंबकळत ठेवून चढू नये, कारण माकडांना ती लगेच कळते आणि शिवाय एक हात अडकतो. सगळे सामान पाठीवरच्या पिशवीत घालावे आणि दोन्ही हात मोकळे ठेवावेत.

पायांत मऊ रबरी तळाचे, खाचा न झिजलेले बूट हवेत. जाड, टणक तळाचे महागडे बूट ओल्या कातळावर साध्या रबरी तळापेक्षा अधिक घसरतात, हे विकत घेताना कोणी सांगत नाही. काही भाविक हा डोंगर अनवाणी चढतात आणि कातळावर त्यांचा पाय आपल्या बुटापेक्षा घट्ट बसतो; पण त्यामागे जन्माची सवय असते, त्यामुळे पाहून अनुकरण करायला जाऊ नये. मोज्यांचा एक जादा जोड अवश्य घ्यावा. त्याचा उपयोग भलत्याच ठिकाणी होतो, तो माथ्यावरच्या भागात सांगतो.

दगडाची ओळख

चंद्रनाथावर चालताना पायाखाली दोन जातींचा दगड येतो, आणि दोघांचे स्वभाव परस्परविरोधी आहेत. ज्याला हा फरक पायाने ओळखता येतो त्याने निम्मा डोंगर जिंकला.

पहिला आपल्या ओळखीचा जांभा. गोव्यात घरे, गडगे, पायऱ्या ज्या चिऱ्यांनी बांधतात तोच हा तांबडा, भोके-भोके असलेला दगड. त्याचा पृष्ठभाग खरखरीत असल्यामुळे तो पाय घट्ट धरतो, पण त्याची झीज होऊन जी गोल खडी वाटेवर साचते ती बुटाखाली बेअरिंगमधल्या गोळ्यांसारखी फिरते. तांबड्या मातीच्या उतारावर अशी खडी दिसली की टाच आधी रोवावी, मग उरलेले पाऊल टेकवावे.

दुसरा म्हणजे या डोंगराचा मूळ गाभा, ग्रॅनाइट जातीचा करडा कातळ. भूशास्त्रज्ञांनी या खडकाला डोंगराचेच नाव दिले असून ‘चंद्रनाथ ग्रॅनाइट’ म्हणून तो ओळखला जातो. त्याचे वय अडीचशे कोटी वर्षांहून अधिक आहे. महाराष्ट्रातील गडकिल्ले ज्या काळ्या बसाल्टावर उभे आहेत तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, म्हणजे याच्यापुढे अगदीच कालचा. चढणाऱ्याच्या दृष्टीने वयापेक्षा घडण महत्त्वाची आहे. बसाल्ट थरांत असतो, त्याला पायऱ्या-पायऱ्यांसारख्या कडा असतात, हाताला खोबण मिळते. ग्रॅनाइट ऊन-पावसाने कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटत जातो आणि मागे गोलाकार, गुळगुळीत उतार व मोठमोठे धोंडे ठेवतो. तिथे पकडायला काही नसते; सगळी भिस्त घर्षणावर असते.

म्हणून ग्रॅनाइटच्या उतारावर जांभ्यावरचा नियम उलटा करावा. टाच किंवा चवडा यांपैकी एकच टेकवण्याऐवजी पूर्ण पाऊल सपाट ठेवावे, जेणेकरून बुटाचा जास्तीत जास्त तळ दगडाला लागेल. शरीर सरळ ठेवावे. भीती वाटली की माणूस डोंगराकडे वाकतो आणि हात टेकू पाहतो. त्याने वजन पायांवरून निसटते आणि नेमका तेव्हाच पाय घसरतो. वजन पायाच्या बरोबर वर असले की कोरडा ग्रॅनाइट आश्चर्य वाटावे इतका धरून ठेवतो. जवळून पाहिले तर याचे कारण दिसते: त्यात तांदळाच्या दाण्याएवढे, कुठे त्याहून मोठे पांढुरके-गुलाबी स्फटिक असतात, मधूनमधून अभ्रक चमकते, आणि मऊ भाग झिजून गेल्यामुळे हे कठीण दाणे वर उठून राहिलेले असतात. त्यावरून बोट फिरवले तर किसणीसारखे लागते. रबर याच दाण्यांना धरते.

ओला कातळ मात्र निराळाच. कातळावर वरून खाली गेलेले काळे पट्टे दिसतात. पावसाचे पाणी ज्या मार्गाने वाहते तिथे शेवाळ वाढून वाळलेले असते आणि तेच हे काळे पट्टे. कोरडे असताना ते निरुपद्रवी दिसतात, पण पहाटेच्या दवाने किंवा एखाद्या सरीने भिजले की साबणासारखे होतात. उलट जिथे पांढुरक्या-राखी ठिपक्यांचे दगडफूल दिसते तो भाग बहुधा पाण्याच्या वाटेबाहेरचा आणि विश्वासाचा. पहाटे चढणाऱ्याने हे विशेष लक्षात ठेवावे, कारण उन्हाळ्यासाठी जी वेळ उत्तम तीच दवाची वेळ असते. शंका आल्यास पाऊल टाकण्यापूर्वी बुटाचा पुढचा भाग दगडावर दाबून थोडा फिरवून पाहावा. कुरकुर आवाज आला तर दगड धरतो आहे, आवाज न होता पाय सरकला तर बाजूने जावे. ही सवय लागायला दोन चढाया पुरतात.

वाट

मडगावच्या कदंबा बसस्थानकावरून केप्याच्या बस पारोड्यावरून जातात; अंतर बारा-तेरा किलोमीटर आहे. उतरल्याबरोबर पहिले काम म्हणजे कंडक्टरला परतीच्या बसची वेळ विचारणे. गाडीचा रस्ता कोणीही दाखवील. जुन्या पायवाटेची सुरुवात मात्र गावातल्या एखाद्या दुकानात विचारून घ्यावी, आणि विचारताना ‘चंद्रनाथ’ न म्हणता ‘पर्वतावर चालत जायची वाट’ असे म्हणावे, म्हणजे लोक गाडीच्या रस्त्याला लावून देत नाहीत. त्याच दुकानात आपण किती जण आहोत आणि किती वाजता परतणार हेही सांगून ठेवले तर उत्तम.

ही वाट ठिकठिकाणी दगडी पायऱ्यांची आहे, परंतु मध्ये मध्ये पायऱ्या मातीत बुडतात किंवा पानांखाली हरवतात. चुकण्याची जागा म्हणजे काजूची लागवड. काजू गोळा करणाऱ्यांच्या पायवाटा देवाच्या वाटेइतक्याच ठळक असतात आणि हंगामात तर अधिक ठळक. दोहोंतला फरक असा की यात्रेकरूंची वाट सतत वर चढते, तिच्यात बसवलेले दगड असतात आणि ते मधोमध पावलांनी गुळगुळीत झालेले असतात. काजूची वाट मात्र उंची न बदलता या झाडाकडून त्या झाडाकडे जाते आणि शेवटी एखाद्या बुंध्याशी संपते. पाच मिनिटे चालूनही चढ लागला नाही तर मागे फिरावे. आडवे घुसून ‘वर निघेल कुठेतरी’ असा प्रयोग करू नये, कारण अशा आडवाटा नेमक्या निसरड्या कातळावर नेऊन सोडतात. मोबाइलवर नकाशा आधीच उतरवून ठेवावा, पण झाडीत त्याच्यावर डोळे झाकून विसंबू नये. झाडाखाली पडलेली बोंडे दुसऱ्याच्या उत्पन्नाची असतात. ती उचलून खिशात घालणे म्हणजे चोरीच.

धोंड्यांच्या फटीत हात घालताना एक नियम कधीही मोडू नये: जिथे डोळा पोहोचला नाही तिथे हात जाता कामा नये. फुरशासारखे साप दगडांच्या आडोशाला आणि वाळक्या पानांत बसतात आणि त्यांचा रंग त्या पानांसारखाच असतो. काठी घ्यावी, तिने पुढची पाने हलवत चालावे. साप चावलाच तर जखम कापणे, चोखणे, घट्ट दोरी आवळणे यांपैकी काहीही करू नये. चावलेला हात किंवा पाय काठीला बांधून हलणार नाही असा ठेवावा, अंगठ्या-कडी काढावीत, आणि १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारे एकच प्रतिविष असते, त्यामुळे साप मारून किंवा पकडून नेण्याची गरज नाही.

सापापेक्षा मला अधिक धास्ती आग्या माश्यांची वाटते. उंच झाडांवर आणि कड्यांच्या खाली त्यांची पोळी लोंबतात. उग्र अत्तर, धूर, आरडाओरडा आणि दगड मारण्याची खोड या चार गोष्टींनी त्या उठतात. उठल्याच तर हात न झाडता, तोंड कापडाने झाकून, झाडीच्या दिशेने जमेल तितके दूर जावे. जागीच बसून राहू नये. मात्र कड्याच्या कडेला असताना पळण्यापूर्वी पाय कुठे पडणार हे पाहावे.

माथ्यावर

देवळाच्या आवारात शिरण्यापूर्वी पादत्राणे काढावी लागतात, आणि मघाशी सांगितलेला मोज्यांचा जादा जोड इथे कामाला येतो. दहानंतर आवारातली फरशी तव्यासारखी तापते. चढून आलेल्या, घामाने मऊ झालेल्या तळव्यांना तिचा चटका असा बसतो की उतरताना प्रत्येक पावलाला आठवण होते. अंगावर साधे, खांदे-गुडघे झाकणारे कपडे असावेत. केवळ डोंगर चढायला आलेल्यांनीही आवारात मोठ्याने गाणी लावू नयेत.

या जागेचे महत्त्व समजण्यासाठी उत्तरेकडे, चांदरच्या दिशेने पाहावे. आज खेडे असलेले हे चांदर म्हणजे जुने चंद्रपूर, भोज घराण्यातील राजांची आणि पुढे काही काळ गोव्याच्या कदंब राजांची राजधानी. चंद्रेश्वर हे भोजांचे आराध्य मानले जाते. पश्चिमेकडची साष्टी १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि १५६७ मध्ये तिथली देवळे पाडली गेली. केपे महाल मात्र सौंधेकरांच्या, म्हणजे सौंधेच्या राजांच्या ताब्यात राहिला आणि १७६३-६४ च्या सुमारास नव्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून मिळवलेल्या मुलखात आला, तोवर धर्माचा तो जुलूम ओसरला होता. एकाच माथ्यावरून दिसणाऱ्या दोन मुलखांत जुन्या देवळांची स्थिती इतकी वेगळी का, याचे उत्तर या तारखांत आहे.

समुद्र पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला, सरळ रेषेत दहा-बारा किलोमीटरवर. मडगाव वायव्येला ठेवून नजर डावीकडे फिरवावी, म्हणजे माडांच्या हिरव्या पट्ट्यामागे किनारा, त्यापुढे बेतूलजवळ साळ नदी समुद्राला मिळते ती बाजू, आणि त्याच्याही दक्षिणेला खोलगडाचे, म्हणजे काब द रामचे भूशिर येते. एवढ्या उंचीवरून क्षितिज सुमारे ६७ किलोमीटरवर असते, पण ते दिसणे हवेच्या मर्जीवर आहे. थंडीत पहाटे सखल भागावर धुके साचते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवसभर धूसरपणा राहतो. दूरचे पाहायचे असेल तर ऑक्टोबरची सकाळ किंवा एखाद्या अवकाळी सरीनंतरचा दिवस साधावा. अकराच्या सुमारास समुद्राकडून खारा वारा सुटतो. घामाने भिजलेला सदरा आधीच बदलून ठेवला तर तो सुखाचा, नाहीतर थंडीत त्यानेच अंग आखडते.

विजेची चमक दिसली तर गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत आणि तिनाने भागावे. उत्तर म्हणजे विजेचे किलोमीटरमधले अंतर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर उघडा माथा आणि एकटी उंच झाडे सोडून द्यावीत, आणि पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत बसावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबूनच निघावे.

पौर्णिमेचे चांदणे चंद्रेश्वराच्या लिंगावर पडले की त्याला पाझर फुटतो अशी श्रद्धा आहे, आणि म्हणून पौर्णिमेच्या रात्री चढण्याचा मोह अनेकांना होतो. मोह समजण्यासारखा आहे, पण चांदणे पायवाटेला उपयोगी पडत नाही. झाडीतून गाळून आलेल्या चांदण्यात सावलीचा खड्डा आणि खरा खड्डा सारखेच दिसतात. रात्री जायचेच तर गाडीच्या रस्त्याने, कपाळाला बांधायची बॅटरी घेऊन आणि किमान चौघांनी मिळून जावे.

उतरणे

अपघात बहुधा उतरताना होतात. पाय थकलेले असतात, मन घरी पोहोचलेले असते आणि प्रत्येक पावलाला शरीराचे सगळे वजन गुडघ्यावर येते. माथ्यावरून निघण्यापूर्वी एका दगडावर बसून बुटाचे बंद पूर्ण सोडावेत, टाच बुटाच्या मागच्या बाजूला आपटून घट्ट बसवावी, आणि मग घोट्याजवळचे बंद आवळून, चवड्याजवळचे थोडे सैल ठेवून बांधावेत. असे केले नाही तर उतारावर पाय बुटात पुढे सरकत राहतो, अंगठे टोकाला आदळतात आणि दुसऱ्या दिवशी नखे काळी पडतात. दोन मिनिटांचे हे काम दहांतले नऊ जण करत नाहीत.

गुडघे किंचित वाकलेले, पावले आखूड, नजर पुढच्या तीन पावलांवर. कातळाचा उतार तीव्र असेल तर आडवे होऊन खेकड्यासारखे उतरावे. बसून घसरत येण्यात कमीपणा नाही. माझ्या एका विजारीने या डोंगरावरच देह ठेवला आणि मला त्याचे मुळीच वाईट वाटले नाही. पायऱ्यांवर साचलेली वाळकी पाने सर्वांत फसवी, कारण खालचा दगड कोरडा आहे की ओला हे कळत नाही. तिथे काठी आधी टेकवावी. मुलांना उतारावर पळू देऊ नये, आणि सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाला नेहमी पुढे ठेवावे, म्हणजे तो मागे राहून एकटा पडत नाही.

पाय मुरगळला तर बूट लगेच काढू नये. सूज येऊन तो पुन्हा चढणार नाही. बुटावरूनच पट्टी आठाच्या आकारात बांधून पुढचा निर्णय घ्यावा. हा निर्णय घेताना पायी येणाऱ्यांकडून एक चूक हमखास होते: दुखापत झाली की सगळे खालच्या दिशेने निघतात. वाटेच्या वरच्या अर्ध्या भागात असाल तर वर जाणे अधिक शहाणपणाचे असते, कारण गाडीचा रस्ता वर आहे. तिथवर पोहोचवले की रुग्णवाहिका येऊ शकते, आणि मडगावचे जिल्हा रुग्णालय फार लांब नाही. फोन करताना ‘चंद्रनाथ पर्वत, पारोडा, केपे तालुका’ असा पूर्ण पत्ता सांगावा.

सायंकाळी उतरणार असाल तर सूर्यास्तानंतर माथ्यावर रेंगाळू नये. डिसेंबरात सहा वाजून गेले की सूर्य समुद्रात जातो आणि त्यानंतर झाडीत वीस मिनिटांच्या आत काळोख होतो. म्हणजे सूर्यास्त पाहायचा तर बॅटरी हवी किंवा परतीला गाडीचा रस्ता धरायला हवा. खाली आल्यावर बूट काढून आतली खडी झटकावी, पायाच्या बोटांच्या बेचक्या आणि गुडघ्यामागची जागा तपासून गोचीड चिकटली नाही ना हे पाहावे, आणि पारोड्यात मिळेल तिथे चहा आणि गरम मिरची-भजी घ्यावीत. फक्त चहाची दुसरी ऑर्डर देण्यापूर्वी सकाळी कंडक्टरने सांगितलेली वेळ आठवावी, कारण संध्याकाळी बस विरळ होतात आणि भरून आलेली बस थांबतेच असे नाही.